सासुरवाडीत भरलेली उसण

महायुद्ध चालू होतं आणि माझ्या लग्नाला वर्ष व्हायचं होतं, तेव्हाची गोष्ट. मी साताऱ्याच्या एका शाळेत व्याकरण शिकवत होतो. शिक्षकांत वयानं सगळ्यांत लहान म्हणून मुलांची कवायतही माझ्याच गळ्यात पडली होती. शिट्टी वाजवायची आणि व्यायामावर चार शब्द बोलायचे, एवढंच मला येत होतं. पण रोज बोलून बोलून आपण चांगले ताकदवान आहोत, असं मला वाटायला लागलं होतं.

नाताळच्या सुटीत बायकोला घेऊन पलूसजवळच्या सासुरवाडीला गेलो. घरचा ऊस होता, त्यामुळे गुऱ्हाळ जोरात चाललं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी रस प्यायला म्हणून मला तिकडं नेलं. गूळ थंड होऊन ढेपा तयार झाल्या होत्या आणि दोन गडी त्या उचलून बैलगाडीत ठेवत होते. एकेक ढेप पाऊण मणाची. माझ्याजवळ सासरे आणि गावातली चार वडीलधारी माणसं उभी होती. मला कुणीही काही उचलायला सांगितलं नव्हतं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं कित्येक वर्षं मी हा प्रसंग सांगताना ‘त्यांनी फारच आग्रह केला’ असं म्हणत आलो.

मी हातातला पेला खाली ठेवला, बाह्या सारल्या आणि गुडघे अजिबात न वाकवता कमरेतून वाकून ढेपेला मिठी मारली. ती गुडघ्यापर्यंत आली. तिथं माझ्या कमरेत अशी चमक भरली की तोंडातून आवाजही फुटला नाही. ना वर होता येईना, ना खाली बसता येईना. एका गड्यानं ओळखलं आणि ढेप माझ्या हातांतून काढून घेतली. मी तसाच वाकलेला राहिलो. सासरे नेमके माझ्यासमोर होते. जावई नमस्कार करतोय असं त्यांना वाटलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “असू द्या, असू द्या.” मी उठेना तेव्हा त्यांनी पुन्हा आशीर्वाद दिला.

गुळाच्याच गाडीतून, ढेपांच्या बाजूला आडवा होऊन, मी घरी परतलो.

पुढचे तीन दिवस मी सोप्यात पालथा पडून होतो. बायको विटेनं शेकत होती, निरगुडीचा पाला गरम करून कमरेला बांधत होती. शेकलं की बरं वाटायचं, पण मी ते कबूल करत नव्हतो. घरातलं प्रत्येक माणूस येऊन विचारपूस करत होतं आणि दोन वेळा शिरा होत होता. दुखणं ओसरायची मला फारशी घाई नव्हती.

तिसऱ्या दिवशी सासऱ्यांना आठवलं की सासूबाई पायाळू आहेत. जन्मताना ज्याचे पाय आधी आले त्या माणसानं लाथ लावली की उसण उतरते, असा सगळीकडं समज होता. गावातले लोक उसण भरली की त्यांच्याकडंच यायचे. पण जावयाला पाय लावायचा म्हटल्यावर त्या मागं सरल्या. डोक्यावरचा पदर आणखी पुढं ओढून त्यांनी बायकोमार्फत निरोप दिला की हे पाप माझ्या हातून व्हायचं नाही. शेवटी सासऱ्यांनी तोड काढली. आधी नमस्कार करून माफी मागायची आणि मग पाय लावायचा. मी पालथाच होतो, त्यामुळे वयानं आईसारख्या असलेल्या त्या बाईला मला थांबवताही आलं नाही. त्यांनी माझ्या पायांना हात लावला आणि मग अंड्यावर ठेवावा इतक्या हलक्यानं तीनदा कमरेला पाय टेकवला.

“आता कसं हाय?” सासऱ्यांनी विचारलं.

एवढा खटाटोप झाल्यावर नाही कसं म्हणायचं? मी सांगितलं, एकदम बरं वाटतंय. मग सगळे म्हणाले, उठून दाखवा. मला कुशीवरही वळता येईना. दुपारी सासूबाई चुलीजवळ बायकोला सांगत होत्या ते मला ऐकू आलं, “माझ्या पायातला गुण गेला बग.” खोटं बोलल्याची मला फार लाज वाटली. तरी शिरा मी संपवला.

घरात मेव्हणाही होता. बायकोचा थोरला भाऊ. फौजेत होता, ट्रकवरून पडून त्याचा खांदा दुखावला होता आणि पुण्याच्या लष्करी दवाखान्यातून रजा घेऊन तो महिन्यापूर्वी घरी आला होता. दवाखान्यात शिकवल्याप्रमाणे रोज सकाळी तो भिंतीसमोर उभा राहायचा आणि डाव्या हाताची बोटं मुंगीसारखी भिंतीवरून वर चढवायचा. जिथं हात थांबेल तिथं कोळशानं रेघ ओढायचा. त्याचं कपाळ घामानं भिजायचं. मी शेजारी पडून ते बघायचो आणि कण्हायचो.

चौथ्या दिवशी तो माझ्याजवळ येऊन बसला. पायाला मुंग्या येतात का, पाय बधिर होतो का, लघवी नीट होते का, असं त्यानं विचारलं. मी तिन्हींची उत्तरं दिली. एखादं तरी लक्षण आपल्यात असावं अशी माझी इच्छा होती, पण नव्हतं.

“मग हाड जाग्यावर हाय, पाव्हणं,” तो म्हणाला. “मांस दुखावलंय. हितं असंच पडून राहिलासा तर आखडून बसंल. उठा.”

मी म्हणालो, दुखतंय.

“दुखणारच की. माजंबी दुखतंय. पन थोडं थोडं हलवायचं. अंगाला हिसका द्यायचा न्हाई आन् थांबायचं बी न्हाई.”

त्यानं मला कुशीवर कसं व्हायचं, पाय खाली सोडून हाताच्या रेट्यानं कसं बसायचं, ते दाखवलं. त्या दिवशी मी भिंतीला धरून दारापर्यंत गेलो. दुसऱ्या दिवशी देवळापर्यंत. रोज सकाळी पहिली दहा पावलं नको व्हायची आणि मग अंग मोकळं व्हायचं. आदल्या दिवसापेक्षा कधी जास्त दुखायचं, कधी कमी. मेव्हण्याला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

आठव्या दिवशी त्यानं मला सासूबाईंबरोबर शेतात जायला सांगितलं. त्या डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन निघाल्या, मी रिकाम्या हातांनी. जाताना त्या पुढं होत्या. परतताना ओढ्याच्या उतारावर मी त्यांना मागं टाकलं. आठ दिवसांत पहिल्यांदाच मी कुणाच्या तरी पुढं होतो. घरी पोचल्यावर मी सोप्यात उभा राहून सगळ्यांना सांगितलं, “आज मी मामींनाही मागं टाकलं.”

मेव्हण्यानं भिंतीवरचा हात खाली घेतला. “कुठं मागं पडली ती?”

मी म्हणालो, ओढ्याच्या उतारावर. त्या एका अंगावर तिरक्या होऊन, बाभळीला धरून एकेक पाऊल टाकत होत्या. हे सांगता सांगता माझा आवाज खाली येत गेला.

सासूबाई आल्या तेव्हा मेव्हण्यानं पाटी उतरवून घेतली आणि गुडघे कधीपासून दुखतात ते विचारलं. त्या म्हणाल्या, काही नाही, असंच. पुन्हा विचारल्यावर म्हणाल्या, “झाली असतील सा-सात वर्सं.”

सात वर्षं. आणि मला आठ दिवस शेकायला, बांधायला, शिरा भरवायला सगळं घर उभं होतं. त्या शिऱ्यासाठी चुलीपुढून दर वेळी त्या जमिनीला हात टेकून उठत होत्या आणि मी सोप्यातून ते बघत होतो. मला ते दुखणं म्हणून दिसलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून भाकरीची पाटी मेव्हण्यानं आणि मी वाटून नेली. त्यानं आईला उंच कट्ट्यावर बसवून पाय सरळ करायला, दहा अंक मोजेपर्यंत तसाच धरायला आणि सावकाश खाली सोडायला लावलं. नुसतं बसून पाय हलवायची त्यांना लाज वाटायची, म्हणून त्या मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडत ते करायच्या. संध्याकाळी शेकायची वीट आता त्यांच्याकडं गेली. मला ती हवीशी वाटत होती, पण मागायचं तोंड नव्हतं.

शाळेला कळवून रजा वाढवून घेतली होती; पंधराव्या दिवशी आम्ही साताऱ्याला परतलो. कंबर पूर्ण सुटायला आणखी महिना गेला आणि पुढंही दर दोन-तीन वर्षांनी तिनं मला धरलंच. आता मी चौथ्या दिवसाची वाट न बघता पहिल्याच दिवशी चालायला लागतो. मेव्हण्याचा हात डोक्याच्या वर वीतभर जायला लागला, त्यापुढं कधी गेला नाही. तेवढ्यावर त्यानं पुढं पस्तीस वर्षं शेती केली. सासूबाईंचे गुडघे काही पूर्ण बरे झाले नाहीत, थंडीत ठणकायचेच. पण पुढच्या वर्षी गेलो तेव्हा मी पाटी घेऊन ओढ्याच्या अलीकडं दम खात थांबलो होतो आणि त्या रिकाम्या हातांनी, तिरकं न होता, सरळ उतार उतरत पलीकडं गेल्या.