पांढऱ्या पट्टीवरचा कण

माझ्या नवऱ्याचं नाव दिवाकर. चारचौघांत मी ते घेत नाही, पण लिहायचंच आहे तर एकदाचं लिहून मोकळी होते. माणूस साधा आहे. इतका साधा की कधी कधी माझं डोकं उठतं. कोणीही यावं, ह्यांना चार शब्द सुनवावेत, आणि ह्यांनी वर त्याला चहा पाजावा. त्यामुळे घरातलं सगळं भांडण माझ्या वाट्याला आलं आहे, आणि ते मी मन लावून करते.

हे फॅक्टरीत टूलरूमला होते. रिटायर झाल्यावर अधारतालच्या घरात पुढच्या खोलीत टेबल मांडलं आणि धार लावायला बसले. फिरत्या दगडावर ठिणग्या उडवतात ती धार नव्हे. तसं कोणी म्हटलं की ह्यांचं तोंड एवढंसं होतं. ह्यांची पद्धत वेगळी. जाड काचेवर पाणी शिंपडायचं आणि त्यावर एक पातळ पट्टी चिकटवायची. दिसायला रंगीत कागद, हाताला प्लॅस्टिक, आणि वर घासणारी बारीक पूड. आधी भरड पट्टी, मग बारीक, मग त्याहून बारीक, आणि शेवटची पांढरी. ती तर बोटाला नुसती गुळगुळीत लागते. शिंप्यांच्या कात्र्या येतात, मोहल्ल्यातल्या बायकांच्या विळ्या-सुऱ्या येतात, आणि पंधरा दिवसांनी सदर बाजारातल्या बंडूचे तीन वस्तरे.

बंडूचं सदरमध्ये सलून आहे. बाकीच्यांची दाढी तो ब्लेड बदलून करतो, पण पाच-सहा म्हातारी गिऱ्हाइकं अख्ख्या पात्याच्या वस्तऱ्याशिवाय गालच पुढे करत नाहीत. त्यांच्यासाठी हे तीन.

वस्तरा असला की ह्यांचं सोवळं सुरू. कोपरापर्यंत हात धुणार, पंखा बंद करणार, मला फोडणीसुद्धा देऊ देणार नाहीत. भरड पट्टीचा एक कण पांढरीवर आला तर धारेला दात पडतात म्हणे. मी म्हणायची, ‘देवाचं नाही एवढं ह्या पट्टीचं करून राहिले!’ हे हसायचे आणि काम करत राहायचे. मला त्याचाही राग यायचा.

आता गेल्या डिसेंबरातली गोष्ट. शनिवारी भर दुपारी बंडू आला. वस्तरा पेपरात गुंडाळलेला. एरवी आत येऊन ऐसपैस बसणारा हा माणूस चप्पल न काढता दारातच उभा.

“काका, बापूसाहेबांच्या हनुवटीवर ओरखडे गेले. एक नाही, तीन. खून रुकेचना.”

बापूसाहेब म्हणजे रिटायर्ड हेडमास्तर, वय ब्याऐंशी. अर्धं सदर त्यांच्या हातून शिकून गेलेलं. मग बंडू खाली बघत म्हणाला, “काका, अब आराम करो आप. हात थकले असतील.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “काहून रे बंड्या, तुझा हात हलला असेल ते नाही सांगत? बारा वर्षं इथला चहा ढोसून राहिला, आणि आज ह्यांना आराम शिकवतो? मोठा शहाणा लागून गेला!”

“जया, थांब जरा.” हे उठले. वस्तरा उघडला, खिडकीपाशी नेला, भिंग लावून बराच वेळ पाहत राहिले. मग टेबलापाशी येऊन पांढऱ्या पट्टीवरून हळूच बोट फिरवलं. “बरोबर बोलून राहिला तो. दात पडले आहेत. चूक माझीच आहे.”

एवढंच. बंडूची माफी मागितली, वस्तरा परत दिला, पट्ट्या पाकिटात भरल्या, काच फडक्यात गुंडाळली आणि सगळं लोखंडी पेटीत ठेवून दिलं. मी ओरडत होते, पण ऐकतं कोण!

रविवारी पुण्याहून अनुपमचा, आमच्या मुलाचा फोन. आदल्या रात्री मीच त्याला सगळं सांगून बसले होते. “आई, बाबा बहात्तरचे झाले. उद्या कोणाला जास्त लागलं म्हणजे? बस झालं आता. दोघं इकडे या.”

“तिकडे येऊन करू काय? तुझ्या अकराव्या मजल्यावर बसून लिफ्ट वर गेली की खाली आली ते बघू?” म्हटलं आणि फोन आपटला. मोबाईल आपटायचा नसतो हे रागात सुचत नाही. काच तडकली. त्याचाही राग अनुपमवर काढला.

पण खरा राग ह्यांचा. चार दिवस माणूस खिडकीपाशी बसून. पेपर हातात, पान उलटायचं नाव नाही. शिंपी कात्री घेऊन आला तर त्याला “बंद केलं, भैया” म्हणून परत पाठवलं. बंद केलं! ह्याच कामावर तर माणूस सकाळी उठत होता. “तुमची चूक नसेल तर भांडा, असेल तर सुधारा, पण असे मूग गिळून बसू नका!” मी म्हटलं. हे म्हणाले, “भाजीत मीठ कमी आहे आज.”

गुरुवारी मार्गशीर्षातली लक्ष्मीची पूजा होती. देवघर लहान, म्हणून चौरंग मी पुढच्या खोलीत मांडते. भोवती रांगोळी काढली, हात पदराला पुसले. तसबिरीवर उदबत्तीची राख पडली होती, ती पदरानेच पुसायला गेले. काचेवर करकर असा आवाज झाला.

पदर उलटून बघितला, तर रांगोळीची पूड. आदल्या गुरुवारीही मी हेच केलं होतं. हे वस्तरा धुवायला नळावर गेले होते. टेबलावर पांढरी पट्टी लावून ठेवलेली, आणि तिच्यावर माझ्या उदबत्तीची राख. ह्यांच्या सोवळ्याला बट्टा नको म्हणून मी, अतिशहाणी, ती पदराने पुसली होती. रांगोळीच्या पदराने! रांगोळी म्हणजे दगडाचीच भुकटी की नाही?

पूजा तशीच ठेवली. ऑटो केली आणि थेट सदर. सलूनमध्ये गर्दी होती, खुर्चीत खुद्द बापूसाहेब, हनुवटीवर खपली.

“बंडू, ऐक! आणि सगळ्यांनीच ऐका. ह्यांचे हात थकले नाहीत. पट्टीवर रांगोळी मी सांडली. पदर माझा, अक्कल माझी गेली. बोलायचं ते मला बोल!”

बापूसाहेब फेसाने भरलेल्या तोंडाने म्हणाले, “अहो वहिनी, मग न्या ना ते वस्तरे. ह्याच्या ब्लेडने माझी दाढी धड होऊन नाही राहिली.” बंडूने कान पकडले, तिन्ही वस्तरे माझ्या हातात दिले. येताना ऑटोत मला वाटलं, जिंकलं बाई आपण.

घरी येऊन वस्तरे ह्यांच्यासमोर ठेवले आणि एका दमात सगळं सांगितलं. हे म्हणाले, “माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“बोट फिरवलं तेव्हाच कळलं, रांगोळी आहे.”

“मग बोलला नाहीत काहून? मी दुनियेशी भांडून राहिले इथे!”

“रांगोळी तुझी होती, जया. पण वस्तरा ठेवायच्या आधी मी पट्टी बघतो. त्या दिवशीही बघितली. भिंगातून. मला स्वच्छ दिसली.”

“म्हणजे काय?”

“दिवाळीनंतर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. एकटाच. आतला पडदा खराब होऊन राहिला म्हणाले. ऑपरेशनने जाणारं नाही.”

बंडू आणि अनुपम, दोघांनाही मी उगाच झोडपलं होतं. पण त्यांची माफी मागायची मागाहून बघू. मला तेव्हा राग आला तो ह्याच माणसाचा. असा आला की डोळ्यांतून पाणी काढून गेला. चाळीस वर्षं एका घरात, आणि डोळे चालले ते मला सांगत नाहीत!

पेटी उघडली, काच काढली, आपटता आपटता सावरून टेबलावर ठेवली. दुसरी खुर्ची ओढली.

“सरका.”

“काय करतेस?”

“सरका म्हटलं ना! हात तुमचे, बघायचं काम माझं. कण दिसला की सांगीन.”

“तू बडबड करशील.”

“करीन.”

ह्यांनी खुर्ची सरकवली.