कातिणीची खोली

आमच्या खानदेशात तिला कातीण म्हणतात. शाळेच्या पुस्तकात कोळी असतो, इथे सुरतेत गुजराती लोक करोळियो म्हणतात. दोन्हीकडे बाप्याच. आमची मात्र बाई. माय सांगायची, सूत कातते ती कातीण. पोटातून धागा काढते, कापूस मागायला कोणाच्या दारात जात नाही. एखादी बाई वाळून गेली की म्हणतात, पार कातीण झाली. अंगावर पुरळ उठलं की म्हणतात, कातीण फिरली. मलाही उधन्याच्या आमच्या गल्लीत कातीणच म्हणतात, पण ते यातल्या कशामुळे नाही. नात लिहून घेते आहे, म्हणून सांगते.

पोरींचा बाप कापडाच्या लूमवर कामाला होता. छातीचं दुखणं धरलं ते परत उठलाच नाही. दोन्ही पोरी लहान. दिवस गावी करायचे म्हणून खोलीला कुलूप घातलं आणि दिरासोबत गेलो. दिवस झाले, वर बराच काळ गेला, तरी दीर निघायचं नाव काढू देईना.

"वहिनी, आते तठे तुमनं कोन शे?"

मी म्हटलं, "मनी खोली शे."

तो हसला. सासू म्हणाली, भाड्याची खोली कधी कोणाची झाली का? खरंच होतं ते. पण तिथे राहिले असते तर जन्मभर दिराच्या शेतात खुरपायचं आणि जेवताना जावेच्या हाताकडे बघायचं. माझं जाऊ द्या, पोरीही तेच शिकल्या असत्या. सुरतेत हात चालले तर पोट चालतं. एका सकाळी ज्वारीच्या पिठाची पिशवी घेतली, पोरींना घेतलं आणि एसटीत बसले. रडले नाही. रडून एसटी लवकर पोचत नाही.

कुलूप उघडलं तर दारापासून मोरीपर्यंत नुसती जाळी. शेजारी लूम, त्यामुळे सुताची रुई उडत राहते, ती जाळ्यांना चिकटून लोंबत होती. मी पोरींना ओट्यावर बसवलं, पदर खोचला आणि झाडू घेतला. तेवढ्यात वरून घरमालकीण उतरली. आम्ही तिला बा म्हणायचो.

"अरे, तू पाछी आवी? बेन, रूम तो में आपी दीधी!"

"कोणाला दिली? कुलूप माझं आहे."

"कुलूप तारुं, पण जो तो खरी, जाळां बाझी गयां छे. मने थयुं, हवे तू नथी आववानी."

खोली दुसऱ्या कोणाला दिली होती आणि ते लोक संध्याकाळी सामान घेऊन येणार होते. बाचंही चुकलं नव्हतं. जाळं लागलं म्हणजे माणूस नाही, असं कोणीही धरतो. मी म्हटलं, "बा, रुई चढलेलं ते जळमट. ते कातिणीने सोडलेलं असतं. पण दाराच्या कोपऱ्यात बघा, तिथे कातीण बसली आहे. ते राहतं घर आहे." बाला त्यातलं काही कळलं नाही. कपाळाला हात लावून ती जिना चढून गेली.

मी विचारलं होतं, येणारे कुठले? बा म्हणाली होती, तमारा खानदेशना ज. तेवढंच मी डोक्यात धरून ठेवलं.

जळमटं काढली, फरशी पुसली. आणि दिवे लागायच्या वेळी हातगाडीची चाकं वाजली तसा स्टो पेटवला. वर पातेलं ठेवलं, पातेल्यात पाणी. पीठ होतं, पण भाकरी लगेच होऊन जाते. मला स्टो पेटता ठेवायचा होता.

आमच्यात रीत आहे, पेटत्या चुलीवरून बाईला उठवायचं नाही. उठवलं तर उठवणाऱ्याच्या घरात अन्न टिकत नाही म्हणतात.

गाडीबरोबर आलेला माणूस पुढे आला. "रूम खाली शे असं सांगेल व्हतं."

त्याची बायको मागून डोकावली. माझं रिकामं कपाळ बघितलं, पोरी बघितल्या, स्टो बघितला. तिथेच थांबली. "पेटेल चूल शे. मी पाय ठेवाव नई."

"चूल कोठे? स्टो शे हाऊ!"

"तुमले स्टोवरनी भाकर लागस ना? मंग तीच चूल."

माणूस चिडला, बा खाली आली, गल्ली जमली. बायको काही हलेना. मीही हलले नाही. तिने उंबऱ्याबाहेरूनच विचारलं, "काय शिजस?"

"दाळ," मी म्हटलं.

पातेल्यावर झाकण नव्हतं. तिने मान उंचावून बघितलं. मग गाडीवरचं एक गाठोडं सोडलं आणि हात लांब करून तुरीच्या डाळीची पुरचुंडी माझ्यापुढे धरली. "दाळ टाकाले भूली गयी व्हशी."

गल्ली हसली. बासुद्धा हसली. म्हणाली, "तमे खानदेशी लोको तो भारे!" मागे पत्र्याची खोली होती, त्यात जुन्या बोबिन, म्हणजे सूत गुंडाळायच्या रिळा, भरून ठेवलेल्या. ती बाने त्यांना रिकामी करून दिली. मला बोट दाखवून म्हणाली, कामाला लाग, नाहीतर मीच येऊन स्टो विझवीन.

सकाळी उठले तर दाराच्या त्याच कोपऱ्यात नवा धागा. कातीण रात्रीच कामाला लागली होती. मीही अंघोळ केली आणि बोबिन भरायच्या कामाला गेले. काम त्या मागच्या खोलीतल्या बाईनेच दाखवलं. पुढे नळावर आमची भांडणं झाली, तोंडं फिरवून बसलो, सगळं झालं. कातीण हे नाव तिनेच पाडलं. म्हणायची, हिला झाडा, ही परत तिथेच.

पोरी इथेच शिकल्या, इथूनच सासरी गेल्या. आता स्टो जाऊन गॅस आला. गावी काही कार्य निघालं की मी नुसतं कुलूप लावून जात नाही. किल्ली त्या मागच्या खोलीतलीच्या हातात देते.

"कातीण, गावले चालनी का?"

"हो. रोज एकदा गॅस पेटव."

"आणि वर काय ठेवू?"

"पाणी ठेव. डाळ माझी मी आल्यावर टाकीन."