नातेवाइकांनी इथे बसावे

वसुधाताई गेल्याचं मला कळलं ते तिच्या एका विद्यार्थिनीच्या फोनवरून. मी तिची सख्खी धाकटी बहीण, आणि बातमी मला परक्या पोरीनं सांगावी! त्याला आता महिना होऊन गेला, तरी माझ्या रडण्यात अजून राग मिसळलेला आहे...

विद्यापीठातलं मानसशास्त्राचं प्रशिक्षण क्लिनिक हाच ताईचा संसार. तिथे शिकाऊ मुलंमुली लोकांची दुःखं ऐकत, आणि ताई आरशासारख्या दिसणाऱ्या काचेमागे बसून ती कशी ऐकतात ते बघत असे. मनमाडहून, नामपूरहून माणसं येत. सगळ्या जिल्ह्यासाठी तिला कान होते. मी काही सांगायला गेले की मात्र, "घरच्यांचं मी ऐकायचं नसतं गं शकू, नियम आहे," म्हणत ती भाजी निवडायला घ्यायची. त्या येणाऱ्या लोकांचा मला हेवा वाटायचा. हेवा कसला, जळायचेच मी.

आई गेली त्या वर्षी ओझरच्या कारखान्यातून रजा काढून मीच क्लिनिकात नाव नोंदवलं. समोर रेणुका नावाची शिकाऊ मुलगी होती. तिच्याकडे मी धड पाहिलंही नाही. आरशाकडे बघून बोलत राहिले... आईच्या आजारपणात मी एकटी पडले, तेव्हा तू कुठे होतीस? संध्याकाळी ताई माझ्या घरी आली आणि म्हणाली, "जेवलीस का?" सगळं ऐकून एवढंच! ती अढी मनातून कधी गेली नाही.

परवा क्लिनिकात शोकसभा झाली. नामपूरकडची एक बाई माझ्याहून मोठ्यानं रडत होती. "मनी तर मायच व्हती ती," म्हणाली. घ्या, तिची आई, म्हणजे मी कोणीच नाही! रेणुका आता तिथेच शिकवते. ती जवळ आली तेव्हा मी त्या आरशाचं बोलून दाखवलंच. ती गोंधळली.

"मावशी, मॅडम काचेमागे नव्हत्याच. तुम्हाला आत येताना पाहिलं आणि उठल्या. त्या दिवशी दुसरे सर बसले होते."

"मग ही गेली कुठे?"

"बाहेर. तुमचं होईपर्यंत त्या बाकावर बसून होत्या."

दाराबाहेर तो बाक अजून आहे. वर पाटी आहे, 'नातेवाइकांनी इथे बसावे.' निघताना पाहिलं, तर नामपूरची ती बाई डोळे पुसत तिथे टेकायला चालली होती. मी लगबगीनं पुढे झाले आणि तिच्याआधी जाऊन बसले.