डब्यातला मांडव

आमच्या न्चिसीच्या भागात सगळेच घरजावई. लग्न झालं की नवरा आपली चटई, कुदळ आणि असलीच तर सायकल घेऊन बायकोच्या गावी येतो. जमीन बायकोच्या आईकडून आलेली, तिच्याकडून ती तिच्या मुलींकडे जायची. त्या जमिनीची राखण बायकोचा मामा करतो. जावई शेत कसतो, पोरं वाढवतो, मामाला दोन्ही हात जोडून नमस्कार करतो आणि भांडण झालंच तर चटई गुंडाळून आपल्या आईच्या गावी परततो. मीही तसाच नदीपलीकडून आलो. सासूच्या घरची मक्याची न्सिमा खाता खाता म्हातारा झालो. माझ्या ओळखीचा एक जण काडीमोड झाल्यावर जाताना छपराचं गवतही उपटून घेऊन गेला. भर पावसात! गवत मी आणलं होतं, म्हणे. बायको आत भिजत बसली आणि हा पठ्ठ्या गवताचे भारे डोक्यावर घेऊन रस्त्यावर भिजत चालला. दोघांना एकच पाऊस लागला, पण ऐकतो कोण!

ते असो. मला सांगायचं आहे ते जायलोसीबद्दल.

जायलोसी नासिबेकोचा नवरा. उंच, वाळकुडा. बोलणं इतकं कमी की आमच्या दारूच्या बैठकीत त्याच्या वाटणीचं मीच बोलायचो. तंबाखूत मात्र त्याचा हात बसलेला. एका कंपनीशी त्याचा करार होता. बी आणि खत कंपनीचं, मेहनत त्याची, पान कंपनीला. कंपनीचा माणूस विटुम्बिको मोटारसायकलवर यायचा. आम्ही त्याला पानमास्तर म्हणायचो. पोरं शाळेत आहेत की पानं बांधायला बसवली आहेत, औषध कुठं ठेवता, पानं वाळवायच्या मांडवाचं लाकूड कुठल्या रानातलं, असलं सगळं तो विचारायचा. पान कुणाच्या हातचं आणि कुठल्या लाकडावर वाळलेलं, हे पान ओढणाऱ्यांना आता कळायला हवं, असं त्याचं म्हणणं. डोंगर बोडके झालेले आम्हालाही दिसत होतेच. दर वर्षी प्रत्येक जण मांडवासाठी मेढी तोडून आणायचा, वाळवी त्या खायची, की पुढच्या वर्षी पुन्हा रान.

त्या वर्षी पानमास्तर म्हणाला, "आता जिवंत मांडव. खोबोच्या झाडाच्या जाड फांद्या रोवा, त्याच मेढी. त्या फुटतील, वाढतील, वरती वासे बांधा आणि पानांच्या माळा लावा. रानातली एक काठी तोडायची नाही. पावसाआधी रोवल्या नाहीत तर करार रद्द."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. जायलोसीचा चेहरा मात्र पडला. कारण मला ठाऊक होतं.

नासिबेकोच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं एकदा आंब्याची झाडं लावली होती. ती बाई वारली, नवरा आपल्या गावी गेला, पण दर आंब्याच्या दिवसांत पोती घेऊन हजर. "झाडं माझी!" नासिबेकोचा काचिंग्वेमामा त्याच्याशी भांडून भांडून थकला, शेवटी त्यानं झाडंच तोडली. म्हणून जायलोसी लग्न करून आला त्या दिवशी मामानं त्याला समोर बसवून सांगितलं होतं, "शेत कस, पोटभर खा, पोरं होऊ देत. पण या जमिनीत झाड लावायचं नाही. झाड लावतो तो मालक म्हणवतो."

आता मामा म्हणतो झाड नको आणि कंपनी म्हणते झाड हवं. करार गेला तर तंबाखू गेली, आणि तंबाखूवाचून जायलोसीला दुसरं येत तरी काय?

मी म्हटलं, "मामाला विचार की."

"विचारलं तर त्यांना वाटेल, मी जमिनीवर डोळा ठेवलाय."

"मग काय करशील?"

"बघू," म्हणाला. त्याचं 'बघू' म्हणजे विषय संपला.

पाऊस पडला. आम्ही बघतो तर याच्या शेताच्या कडेला खोबोच्या मेढी दोन रांगांत ओळीनं उभ्या, आणि थोड्याच दिवसांत त्यांना पालवीसुद्धा. मला वाटलं, मामानं हो म्हटलं असणार. मामाला वाटलं, या मेलेल्या काठ्या आहेत, पावसानं जराशा हिरव्या झाल्यात. पानमास्तर आला तेव्हा त्याला भारी आनंद झाला.

"वा जायलोसी! गावात पहिला नंबर तुमचा!" फोटोबिटो काढले. उकडत होतं म्हणून त्यानं डोक्यावरचं हेल्मेट काढून एका मेढीच्या फाट्याला अडकवलं.

मेढ हळूहळू कलली आणि आडवी झाली. मुळाशी मातीतून वर आला तेलाचा मोठा पत्र्याचा डबा.

पानमास्तर डब्याकडे बघतोय, डबा आभाळाकडे. मी हसू आवरायला तोंडावर हात धरला.

"हे काय, जायलोसी?"

"डबा."

"ते दिसतंय मला! सगळ्या डब्यातच?"

"हो."

"अहो पण का?"

जायलोसी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाला, "मामांनी जमिनीत झाड लावू नको म्हणून सांगितलंय. मी लावलं नाही. डब्यात लावलंय. झाड जिवंत आहे, कंपनीचाही शब्द राहिला."

पानमास्तर उत्तरेकडचा. तिकडे नवरा गायी देऊन बायको घरी आणतो. त्याच्या डोक्यात हे शिरेना. "पण शेत तुमचंच ना?"

"नाही. हिचं."

हिचं म्हणजे नासिबेकोचं, आणि ती पाण्याची बादली घेऊन मागे उभीच होती. तिनं बादली खाली ठेवली. ती हसली नाही.

"म्हणजे जायचं झालं की झाडंही उचलून न्यायची होती तर," ती म्हणाली. "इतकी वर्षं झाली, लेकी वाढल्या, आणि अहो, तुम्ही अजून दाराशीच उभे."



पानमास्तर म्हणाला, "मी पुढच्या फेरीला येईन. डबे निघाले नसतील तर मला करारातून तुमचं नाव काढावंच लागेल. वाऱ्याला हा मांडव टिकायचा नाही, पानांसकट कुणाच्या डोक्यावर पडेल." आणि गेला.

दुसऱ्या दिवशी मामाच्या अंगणात बैठक बसली. जायलोसीकडून बोलायला मी, नासिबेकोकडून मामा स्वतः. मामा सुरू झाला, "कारस्थान बघा! डब्यात लपवून झाडं!"

"लपवून कसली?" मी म्हटलं. "तुमचा शब्द मोडू नये म्हणून बिचाऱ्यानं गावभर डबे गोळा केले. कुणाच्या घरी तेल साठवायला डबा उरला नाही."

मामाला हसू आलं, पण त्यानं ते खोकल्यात घातलं.

मग नासिबेको बोलली. "मामा, जमीन आजीकडून आईला आली, आईकडून मला. तुम्ही तिची राखण करता, तुमचे उपकार. पण तिच्यात काय लावायचं ते मी सांगते. झाडं लागतील." आणि नवऱ्याकडे वळून, "आणि तुम्ही. डबे कापा, नाही तर सायकलला बांधा आणि निघा. दोन्हीतलं एक."

एक कोंबडी मामाच्या पायाजवळ टोचत फिरत होती.

जायलोसी इतका वेळ मातीकडे बघत होता. तो म्हणाला, "आणि तू माझ्याआधी गेलीस तर?"

ते त्यानं बायकोला विचारलं, पण उत्तर मामाकडे होतं. बायको गेली की नवऱ्यानं परतायचं, ही आमची रीत. त्या माणसाला करार जाण्याची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती ही होती. म्हातारपणी चटई घेऊन अशा गावी जायचं, जिथं आता ओळखीचं कुणी उरलेलं नाही.

मामानं तपकीर ओढली. मग म्हणाला, "तुझ्या लेकी म्हणजे माझ्या घराण्याच्या. त्यांच्या नवऱ्यांना पान वाळवायला कोण शिकवणार? ती पुढची गाढवं काय आपोआप शिकतील?"

"म्हणजे?" जायलोसी.

"म्हणजे राहायचं, मूर्खा! ही असो नसो. आता मी हे लिहून देऊ का काय?"

"नको," जायलोसी म्हणाला. त्या बैठकीत तो तेवढंच आणखी बोलला.

दुपारी आम्ही डबे कापायला घेतले. मामा स्वतः आला, हौसेनं पहिला पत्रा कापला आणि बोट चिरून घेतलं. बायकांनी त्याला सावलीत बसवलं. तिथून तो हुकूम सोडत राहिला, "खोल खणा! अजून खोल! माती दाबा!" काही मेढी त्या हलवाहलवीत वाळल्या, बाकीच्यांनी जीव धरला. पानमास्तर आला, त्यानं करार कायम ठेवला आणि त्या हंगामात जायलोसीच्या माळा जिवंत मेढींवर लटकल्या. पान चांगलं वाळलं. खालच्या काही माळांना बुरशी आली, ती दर वर्षी येतेच.

आणि मग या माणसाला जे वेड लागलं! मांडवामागे पपया, विहिरीकडे केळी, घराच्या कोपऱ्यावर लिंबू, रस्त्याकडेनं कसलीतरी रोपं जी पानमास्तरानं फुकट दिली. परवा मामा माझ्याकडे आला, धुसफुसत.

"त्याच्या झाडांची सावली माझ्या घेवड्यावर पडते. दाणा धरत नाही."

"मग सांगा की त्याला."

"सांगितलं."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, मामा, घेवडा तिकडे लावा, पाच वर्षांनी इथं सावली आणखी वाढेल." मामानं हात झटकले. "पाच वर्षांनी, म्हणे! पूर्वी हा माणूस उद्याचंसुद्धा बोलत नव्हता."

"मग काय करणार?"

"काय करणार? घेवडा हलवतोय," मामा म्हणाला आणि माझी कुदळ मागून घेऊन गेला.