खळ लावलेलं पान

कडककाकांचं खरं नाव त्यांच्या गल्लीत कुणाला विचारू नका, निम्मे लोक डोकं खाजवतील. धुलाई-इस्त्रीचं दुकान चालवणाऱ्या या माणसाच्या हातून गेलेली कॉलर संध्याकाळपर्यंत मान वाकू देत नाही, म्हणून ते कडक. स्वभावाने म्हणाल तर लोण्याचा गोळा. तोंड तेवढं फटकळ, आणि त्या तोंडाचा मारा सगळ्यात जास्त सोसला तो काकूंनी आणि काकूंच्या झाडाने.

झाड मॉन्स्टेराचं. काकूंनी कुणाकडून तरी एक कांडं आणून काउंटरशेजारच्या कुंडीत खोचलं होतं. दिवसभर इस्त्रीची वाफ आणि काचेतून येणारं बेताचं ऊन मिळाल्यावर ते असं माजलं की पानं परातीएवढी झाली. त्या पानांना जन्मजात भोकं आणि चिरा. काकांना तेच खुपायचं.

"धुलाईच्या दुकानात फाटका माल पुढे मांडतं का कुणी? गिऱ्हाइकाला वाटेल, आपणच फाडला."

"झाडाला भोकं आहेत, पण आवाज नाही," काकू म्हणायच्या. "घरात एक तरी असं हवं."

काकूंची थोरली बहीण समुद्रकाठी राहते. ती वर्षानुवर्षं बोलावत होती आणि काकू एकदाच गेल्या होत्या. तेव्हा मागे काकांनी दूध गॅसवर ठेवलं आणि एका कोटाच्या इस्त्रीत रमले. पातेलं जळलं, शेजारचा पडदा जळला, आणि बातमी कळताच काकू सुट्टी अर्धी टाकून परत आल्या. तेव्हापासून 'माझ्यामागे तुमचं काय होईल, देव जाणे' हे वाक्य काकांना उठता-बसता ऐकावं लागे. ते त्यांना बोचायचं. जिने सगळा जन्म वाफेत उभं राहून काढला, तिला दोन दिवस निवांत समुद्र बघता येऊ नये, आणि तोही आपल्या वेंधळेपणामुळे, याचं त्यांना मनापासून वाईट वाटे. म्हणून या खेपेला त्यांनी स्वतःच तिकीट काढलं. "जा, आणि मागे वळून बघू नकोस."

निघताना काकूंनी झाडाचा शेंडा दाखवला. तिथे नव्या पानाची सुरळी आली होती, मिटलेल्या छत्रीसारखी घट्ट. "माती सुकली की पाणी घाला. पानं ओल्या फडक्याने पुसा. बाकी काही करू नका."

बाकी काही न करणं हे काकांना आजवर कधी जमलेलं नाही.

पहिले काही दिवस सगळं शिस्तीत चाललं. मग समोरचा चष्मेवाला शर्ट टाकायला आला आणि म्हणाला, "काकू गेल्या आणि झाडाचं तेज गेलं हो." हे काकांना झोंबलं. त्यांनी पानं पुसली, पुन्हा पुसली, तरी मनासारखी चमक येईना. शेजारच्या बादलीत कॉलरींसाठी केलेली खळ तयारच होती. जिने मरगळलेल्या सुती कापडाला तरतरी येते, तिने पानाला का येऊ नये? काकांनी ब्रश घेतला आणि एकेका पानाला पातळ हात दिला. शेंड्यावरच्या सुरळीलाही दिला, ती कशाला मागे राहील? वाळल्यावर पानं अशी लकाकली की रस्त्यावरचे लोक थबकून बघू लागले. संध्याकाळी काकूंचा फोन आला तेव्हा काका मिशीत हसत म्हणाले, "झाड? राणीसारखं आहे."

दोन-तीन दिवसांत राणीचा नूर उतरला. खळीवर गल्लीतली सगळी धूळ येऊन बसली. ते एक वेळ चाललं असतं, पण सुरळी उघडेना. खळीने तिच्या कडा चिकटून बसल्या होत्या आणि टोक तपकिरी पडू लागलं होतं. काकांनी नखाने कड सोडवायला घेतली, ती टरकन फाटली, आणि त्यांनी हात मागे घेतला. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

"पान उघडलं का?" काकूंनी फोनवर विचारलं.

"उघडतंय."

दुसऱ्या दिवशीही तेच उत्तर मिळाल्यावर काकू म्हणाल्या, "एवढा वेळ तर आपल्या गंजक्या शटरलाही लागत नाही."

काका पेचात सापडले. खरं सांगावं तर ही लगेच पिशवी भरून निघणार, आणि पुन्हा कधी उंबरा ओलांडणार नाही. लपवावं तर परत आल्यावर दिसणारच. शेवटी त्यांनी सगळं सांगून टाकलं, खळीसकट आणि नखासकट. काकू काही बोलायच्या आत ते घाईघाईने म्हणाले, "पण तू येऊ नकोस. झाड गेलं तर मी पायाशी नाक घासेन तुझ्या, पण तू येऊ नकोस. एकदा तुझी सुट्टी मी जाळली, पुन्हा नाही."

काकूंनी विचारलं, "कॉलरला खळ जास्त झाली तर काय करता?"

"कोमट पाण्यात भिजवतो."

"ओढता?"

"छे, ओढली तर शिवण जाते."

"मग मला काय विचारता?"

त्या दुपारी दुकान बंद राहिलं. काकांनी कोमट पाण्यात मऊ फडकं भिजवून सुरळीभोवती गुंडाळलं, गार झालं की बदललं, आणि मधल्या वेळात पानं पुढून-मागून धुऊन काढली. इतक्या निगुतीने त्यांनी लग्नाचा कोटही कधी हाताळला नव्हता. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मग एका सकाळी शटर वर केलं तर पान उघडलेलं. एका अंगाने वाकडं, कडेला तपकिरी, पण उघडलेलं. काकांचा जीव भांड्यात पडला.

या वेळी फोन त्यांनीच लावला. "उघडलं. पण फाटकं आहे. म्हणजे असतं त्याहून जास्त फाटकं."

काकू पोटभर हसल्या. मग म्हणाल्या, "अहो, ताई म्हणते, अजून आठ दिवस राहा. राहू का?"

काकांना घर खायला उठलं होतं. तिची गाडी कधी येते याकडे ते डोळे लावून बसले होते, आणि तिच्या हातच्या चहाची आठवण रोज येत होती. तरी ते म्हणाले, "राहा की. इथलं मी बघतो."

"बघाल," काकू म्हणाल्या. "मला आता काळजी नाही."

काका फोन हातात धरून स्टुलावर बसले. समोर कपड्यांचा ढीग होता आणि गिऱ्हाईक काउंटरवर टकटक करत होतं. ते लगेच उठले नाहीत.