छातीला उशी धरून

मास्तर म्हणजे शाळेचे नव्हेत, कोट शिवणारे. पस्तीस वर्षं एकाच खिडकीपाशी त्यांचं मशीन. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या, आणि टाचण्यांच्या फटीतून चाललेलं गुणगुणणं. शेजारी रेडिओ असायचाच. एकसष्टाव्या वर्षी छातीत कळ आली आणि बायपास झाली. आठव्या दिवशी ते घरी आले ते अगदी वेगळेच होऊन.

माणूस अंड्यांची टोपली डोक्यावर घेतल्यासारखा जपून चालू लागला. उठता-बसता दोन बोटं मनगटावर. रेडिओ बंद. बायको बिचारी पातेल्यावर झाकणसुद्धा आवाज न करता ठेवी. खोकला आला तर छातीशी धरायला दवाखान्यातून एक छोटी उशी दिली होती, ती ते खोकला नसतानाही कवटाळून बसत. फुप्फुसांच्या व्यायामासाठी तीन गोळ्यांचं खेळण्यासारखं यंत्र होतं. नळीतून श्वास ओढला की गोळे वर चढायचे. मास्तरांचा एकच चढे, तोही रडतखडत.

महिनाभराने थोरली बहीण राहायला आली. शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेली, आवाज अजून खणखणीत. चपला काढता काढताच म्हणाली, "हे घर आहे की वाचनालय?"

"ताई, हळू. हृदयावर ताण येतो," मास्तर पुटपुटले.

"डॉक्टरांनी सांगितलंय?"

मास्तरांनी उशी आणखी जवळ ओढली. डॉक्टरांनी असं काहीच सांगितलं नव्हतं. ताईने फोन लावून खात्री करून घेतली. हलकं गाणं चालेल, दम लागला तर थांबायचं, एवढंच पथ्य. मग दुपारी तिने भावाला ताठ बसवलं.

"बाळ्या, एक सूर धर. मी बोट खाली करेपर्यंत सोडायचा नाही."

पहिल्या दिवशी सूर चार सेकंदांत आपटला. तिसऱ्या दिवशी नऊपर्यंत गेला. ताई शाळेतल्यासारखीच कडक. "गळ्यातून नको, पोटातून!" मास्तर कुरकुरत, पण दुपार झाली की आपणहून खुर्ची ओढून बसत.

सहाव्या दिवशी गंमत झाली. दोघं सूर लावून बसले होते, तेवढ्यात आतून तिसरा आवाज मिसळला. जन्मात कधी न गायलेली मास्तरांची बायको भांडी पुसता पुसता सामील झाली होती. तिचा सूर भलत्याच गावाला निघालेला. ताई थांबली. गंभीरपणे म्हणाली, "वहिनी, चाळीस वर्षं गाणं शिकवलं, पण हा सूर मला कधी भेटला नव्हता गं!"

"वन्सं, आमच्याकडे हाच असतो," आतून तितकंच गंभीर उत्तर आलं.

मास्तरांना फुटलं ते हसूच. छाती दुखली, उशी घट्ट दाबली, डोळ्यांतून पाणी आलं, तरी थांबेना. बायको ओल्या हाताने धावत आली, मनगट पकडून ओरडली, "अहो, पुरे! टाके उसवतील!"

"उसवू दे," मास्तर धापा टाकत म्हणाले, "परत... शिवून घेऊ..." आणि पुन्हा सुटले. मग त्या दोघीही हसत सुटल्या.

हसू ओसरल्यावर मास्तरांनी डोळे पुसले. छातीत धडधड होत होती, पण आज त्यांना तिची भीती वाटली नाही. धावून आलेल्या माणसाचं काळीज धडधडणारच, तसंच ते. त्या दिवशी त्यांनी नाडी मोजलीच नाही. रात्री गाढ झोपले.

पुढच्या तपासणीला बीपी उतरलेलं होतं आणि दोन गोळे सहज वर जात होते. डॉक्टर म्हणाले, "औषधं चालूच ठेवायची, चालणंही. पण गाण्याने श्वास खोल जातो, हसल्याने शरीरावरचा ताण सैल होतो. तुमच्या बाबतीत तर मनातली भीतीच जास्त जड झाली होती. हे सोडू नका."

मास्तर शर्टाची बटणं लावता लावता म्हणाले, "डॉक्टर, काम पक्कं आहे. फक्त खालचे दोन टाके जरा लांब पडलेत."

डॉक्टर खुर्चीत मागे रेलून हसले. पुढच्याच आठवड्यात त्यांचा कोट बाह्या लहान करायला दुकानात आला.

ताई गेली, तरी रोज चार वाजता तिचा फोन येतो आणि तिघं सूर लावतात, आपापला. मास्तर आता अर्धा दिवस दुकानात बसतात. गिऱ्हाईक माप द्यायला श्वास रोखून उभं राहिलं, की टेप सैल सोडून म्हणतात, "आधी जरा हसा बघू. कोट घालून हसणार नाही का तुम्ही?"