पायरी नसलेला वकील

कौसाबाईंवर अन्याय झाला. चार आठवड्यांपूर्वी, सोमवारी, सकाळी साडेअकराला, इथल्या कोर्टात. शिपायानं तीनदा पुकारा केला, कोणी उभं राहिलं नाही, आणि सासऱ्यापासून कसत आलेल्या चार एकरांचा दावा गैरहजेरीत काढून टाकला गेला. कौसाबाई तेव्हा वीस पावलांवर लिंबाखाली बसल्या होत्या. कन्नडहून पहिल्या एस.टी.नं आलेल्या, मांडीवर कागदांचा बस्ता, नजर फाटकाकडं. त्यांचे वकील अंबादासराव आदल्या शनिवारी दुपारीच वारले होते. व्हरांड्यातल्या प्रत्येक काळ्या कोटाला ते ठाऊक होतं. एकानंही खाली उतरून त्या बाईला सांगितलं नाही.

असं सुरू करायला मला अंबादासरावांनीच शिकवलं. कुळांच्या चळवळीचं माझं पहिलं पत्रक त्यांच्यापुढं ठेवलं, तर 'नराधम', 'रक्तपिपासू' सगळं पेन्सिलीनं उडवलं. म्हणाले, "पत्रकवाले, शिव्या जज्जाला पाठ आहेत. अन्याय कोणावर, कधी, आणि आता मागणी काय, एवढंच लिहा. बाकीचा कागद भजी बांधायला द्या."

हे बोलणं झालं गुलमंडीतल्या एका चहाच्या हॉटेलात, मागच्या टेबलावर. तेच त्यांचं ऑफिस. निजामाच्या अमलात उर्दूतून वकिली शिकलेला माणूस. पोलीस ॲक्शननंतर जमिनीचे जुने उर्दू कागद वाचून घ्यायला गावंच्या गावं त्यांच्याकडं लोटली. मनात आणलं असतं तर पाटी, खुर्च्या, कारकून, सगळं थाटता आलं असतं. मी एकदा चिडून विचारलंच. बशीतला चहा फुंकत म्हणाले, "कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, तरी बिचाऱ्यांना चढावी लागते. मग माझी आणखी एक कशाला?" गल्ल्यावरून हॉटेलवाले रशीदचाचा ओरडले, "वकीलसाब, तुमारे मारे मेरे गिऱ्हाईकां खडे हैं!" अंबादासराव इकडून, "त्यांना पण एकेक दावा लावून देतो चाचा, बसतील निवांत!" ... ते ठसका लागेपर्यंतचं हसणं अजून कानात आहे.

ऑफिस नाही म्हणून कपाट नाही, आणि कपाट नाही म्हणून ज्याचे कागद त्याच्या घरी. फडक्यात बांधून, तीन गाठी मारून ते बस्ता पक्षकाराच्याच हातात देत. "तुझी जमीन, तुझा कागद. मला कशाला सांभाळायला लावतोस?" तारखा तेवढ्या त्यांच्या डोक्यात. वर प्रत्येकाला ताकीद, मी आल्याशिवाय आत जाऊ नका. साधी माणसं गांगरून भलतंच कबूल करून बसतात, हे त्यांनी फार पाहिलं होतं.

रविवारी आम्ही त्यांना पोचवून आलो. सोमवारी कोणाची तारीख असेल, हे मला सुचलं नाही. व्हरांड्याला दोष देतो, त्यात मीही आलो. चारच्या सुमाराला पाय सवयीनं कोर्टाकडं वळले, तर लिंबाखाली कौसाबाई. मला बघून उठल्या. "आज लई उशीर केला व्हय सायबांनी?"

त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं, काय ते ओळखलं आणि त्या खाली बसल्या. बस्त्याच्या गाठी चाचपत म्हणाल्या, "नाव पुकारलेलं ऐकलं म्या. पर ते म्हणले व्हते ना, मी आल्याबिगर आत जाऊ नगं..."

मागचं टेबल अजून तसंच आहे. रशीदचाचा तिथं गिऱ्हाईक बसू देत नाहीत. सकाळी मी जातो, लिहिलेलं पान समोरच्या रिकाम्या खुर्चीकडं सरकवतो आणि पेन्सिलीची वाट बघतो... हेही पान सरकवलं होतं. खाडाखोड झाली नाही.

तर मागणी. दावा पुन्हा उभा करायच्या अर्जाची तीस दिवसांची मुदत याच आठवड्यात संपते. कौसाबाई रोज पहिल्या एस.टी.नं येऊन त्या टेबलाशी बसतात. तुम्ही वकील असाल, तर उद्या सकाळी गुलमंडीत या. चढायला पायरी नाही. समोरच्या खुर्चीत बसा, बस्त्याच्या तीन गाठी सोडा, आणि त्यांना सांगा, मी आलोय, आता आत चला.